ट्रेलरच्या दाराची काच झाकायची? आधी जाळीच्या दाराची फट मोजा

"सगळ्या खिडक्यांना पडदे, आणि दारालाच नाही? हे घर आहे का दुकान?"

आई सांगलीहून आमच्याकडे टेक्सासला आली होती आणि आम्ही तिला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, घेऊन गॅल्व्हेस्टनच्या समुद्रकाठी नेलं होतं. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. ओट्यापाशी उभी राहून ती पोळ्या लाटत होती. दाराच्या काचेतून तिला समोरच्या ट्रेलरमधला गृहस्थ सोफ्यावर बसून टीव्ही बघताना दिसत होता. आम्हाला तो दिसतोय म्हणजे त्यालाही आम्ही दिसणारच. आईने पदर सारखा केला आणि वरचं वाक्य मला ऐकवलं.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून ट्रेलरचं दार उजवीकडे असतं आणि पाणी, वीज, सांडपाण्याच्या जोडण्या डावीकडे. कॅम्पग्राउंडवर, म्हणजे मुक्कामाच्या मैदानावर, ट्रेलर एकाच दिशेने ओळीने लागले की शेजाऱ्याच्या डाव्या बाजूच्या खिडक्या बरोबर आपल्या दारासमोर येतात. बाकीच्या खिडक्यांना कंपनी पडदे देते. दाराच्या काचेला मात्र कित्येक मॉडेलांमध्ये काहीच नसतं, किंवा फार तर खडबडीत, पलीकडचं धूसर दिसेल अशी काच असते. ती दिवसा चालून जाते. रात्री आत दिवा लागला की त्याच काचेवर आतल्या माणसांच्या सावल्या हलायला लागतात.

ही काच झाकायचे उपाय बरेच आहेत आणि त्यातले तीन मी स्वतः फसवले आहेत. तेव्हा खाली जे लिहिलंय त्यात काय करावं याच्या बरोबरीने काय करू नये हेही आलंय.

अडचण काचेत नाही, फटीत आहे

पहिल्या वेळी मी काच मोजली, दुकानातून रिफ्लेक्टिक्स, म्हणजे ऊन-थंडी अडवायचा बुडबुड्यांचा चंदेरी पत्रा आणला, कात्रीने बरोबर मापाचा तुकडा कापला आणि चौकटीवर चिकटपट्टीने बसवला. अंधार कसा झकास झाला! मग जाळीचं दार ओढलं, तर ते लागेना. जोर करून लावलं, तर दोन मिनिटांनी "टक्" करून सुटलं. रात्री केव्हातरी पुन्हा सुटलं असणार. मोठं दार बंदच होतं, पण पहाटे मी ते उघडून बाहेर पडलो तेव्हा जाळी त्याच्याबरोबर आलीच नाही, मधेच लोंबकळत राहिली. गॅल्व्हेस्टनचे डास ज्यांनी अनुभवलेत त्यांना पुढचं सांगायला नको.

चूक कुठे झाली ते समजण्यासाठी दाराची रचना नीट बघा. ट्रेलरचं मोठं दार बाहेर उघडतं. त्याच्या आतल्या अंगाला, त्याच बाजूच्या बिजागऱ्यांवर, जाळीचं हलकं दार असतं. दोन्ही एका छोट्या खिट्टीने एकमेकांना जोडली की एकच दार असल्यासारखी उघडतात आणि मिटतात. म्हणजे आत उभं राहिलं की आपल्यासमोर आधी जाळी येते आणि तिच्यामागे काच. मोठ्या दाराची मूठ फिरवायची तर जाळीच्या दारातली प्लास्टिकची सरकती झडप बाजूला करून हात घालावा लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. काचेवर जे काही लावाल ते जाळी आणि दार यांच्यामधल्या फटीत मावलं पाहिजे. आणि दोन्ही दारं बंद असताना आतून त्या काचेला हात पोचत नाही. आवरण लावायला किंवा काढायला मोठं दार उघडून जाळी त्याच्यापासून सोडवावी लागते. रिफ्लेक्टिक्सची जाडी ५/१६ इंच, म्हणजे जवळजवळ ८ मिलिमीटर. माझ्या दाराची फट एका बाजूला त्याहून कमी निघाली.

ही फट मोजपट्टीने मोजता येत नाही, कारण दार लावल्यावर पट्टी जाणार कुठून? त्यावर आईने तोडगा काढला. परातीत उरलेल्या कणकेच्या सुपारीएवढ्या चार गोळ्या केल्या, प्रत्येक गोळी प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळली आणि काचेभोवतीच्या चौकटीवर वर, खाली, बिजागरीकडे आणि कुलपाकडे अशी एकेक दाबून बसवली. जाळीचं दार खिट्टी लागेपर्यंत हळूच दाबलं आणि परत सोडवलं. चपट्या झालेल्या गोळ्या सुरीने मधोमध कापून जाडी मोजली. माझ्याकडे वर ९ मिलिमीटर, कुलपाकडे ११, खाली १० आणि बिजागरीकडे फक्त ६ निघाली. आपल्या हिशेबाला सगळ्यात लहान आकडा धरायचा आणि त्यातूनही एक-दीड मिलिमीटर सोडून द्यायचा. मला मिळाले साडेचार. तुमच्या दाराचा आकडा वेगळा येईल, म्हणून कणकेचा हा प्रयोग टाळू नका. बाकी सगळे निर्णय याच आकड्यावर आहेत.

एक गोष्ट आणखी बघून ठेवा. जाळी स्वतः मऊ असते, ती थोडी आत-बाहेर होते आणि आवरणाला अडत नाही. अडते ती जाळीच्या दाराची ॲल्युमिनियमची चौकट, मधला आडवा दांडा आणि त्या सरकत्या झडपेची कड. माझ्या दारात झडपेची कड काचेच्या खालच्या कोपऱ्यावर येते. तिथे आवरणाची जाड शिवण येता कामा नये.

आरसा फिल्मच्या मोहात पडू नका

"बाहेरून आरसा, आतून आरपार" अशी काचेवर चिकटवायची प्लास्टिकची फिल्म बघितली की वाटतं, मिटला प्रश्न. दिवसा ती खरंच चोख काम करते. पण तिचा आरसा नेहमी जास्त उजेडाच्या बाजूला असतो. दिवसा बाहेर लख्ख असतं, म्हणून बाहेरच्याला आरसा दिसतो. रात्री आत दिवा आणि बाहेर काळोख, की पारडं फिरतं. आपल्याला आपलंच तोंड दिसतं आणि बाहेरच्याला आपण, ताटातल्या भाजीसकट. नेमकी जेव्हा आडपडद्याची गरज असते तेव्हाच ही फिल्म हात वर करते.

दुधी फिल्मचं वेगळं आहे. ती दिवसरात्र दोन्हीकडून धूसर राहते आणि आत उजेड येऊ देते. पण काचेला लागून उभं राहिलं की आकृती ओळखू येते. दोन पावलं मागे गेलं की नुसता डाग. ट्रेलरमध्ये दोन पावलं मागे म्हणजे थेट न्हाणीघर, तेव्हा कपडे बदलताना हिच्यावर विसंबू नका. आणि एकदा लावली की दार ठोठावणारा कोण आहे ते आपल्यालाही दिसत नाही. मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये किंवा ट्रक स्टॉपवर रात्र काढणाऱ्यांना ही गोष्ट महत्त्वाची वाटेल.

माझं मत असं: काच साधी पारदर्शक असेल तर तिच्या खालच्या दोन-तृतीयांश भागावर दुधी फिल्म लावा, वरची पट्टी डोळ्यांसाठी मोकळी ठेवा आणि रात्रीसाठी वरून कापडाचं काढता येणारं आवरण करा. काच आधीच खडबडीत असेल तर फिल्मचा नाद सोडून थेट कापडाकडे वळा.

फिल्म लावायची तर

गोंदाशिवाय नुसती चिकटून राहणारी फिल्म घ्या. चुकली तर सोलून परत लावता येते आणि भाड्याच्या ट्रेलरलाही चालते. तिला काच गुळगुळीत लागते. शंका असेल तर काचेवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा दाबून बघा. तो सगळीकडे सपाट बसून जवळजवळ दिसेनासा झाला तर फिल्म बसेल. ठिपके-ठिपके दिसले तर नाही बसणार.

काच आधी साबणाच्या पाण्याने आणि मग नुसत्या पाण्याने पुसून घ्या. कडेला, रबराला लागून बसलेली धूळ जुन्या टूथब्रशने काढा, कारण बुडबुडे तिथूनच सुरू होतात. फिल्म काचेपेक्षा प्रत्येक बाजूने दीड-दोन मिलिमीटर लहान कापा. ती चौकटीवर चढली की कड उचलली जाते आणि मग रोज थोडी थोडी सुटते. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या द्रावणाचे तीन-चार थेंब घ्या. काच भिजवा, फिल्मची चिकटायची बाजूही भिजवा आणि वरून खाली सोडत लावा. ओलं असेपर्यंत ती हवी तशी सरकवता येते. जागेवर आली की जुन्या बँक कार्डाला मऊ फडकं गुंडाळून मधून कडेकडे पाणी ढकला. पहिले एक-दोन दिवस थोडं धुकं किंवा बारीक पाणफोड दिसेल. टाचणी घेऊन तिच्या मागे लागू नका, पाणी आपसूक वाळतं.

हे काम सकाळी किंवा सावलीत करा. तापलेल्या काचेवर पाणी लगेच उडून जातं आणि फिल्म सरकायच्या आत चिकटते.

कापडाचं आवरण: मोजणं आणि कापणं

आता मुख्य काम. हे आवरण म्हणजे तीन थरांची छोटी गोधडीच, फक्त आतल्या चिंध्या काढून पातळ केलेली. काचेकडे पांढरं कापड, मध्ये उजेड रोखणारं अस्तर आणि आतल्या बाजूला आपल्या आवडीचं काहीही.

पांढरं का? उन्हात उभ्या ट्रेलरमध्ये काळं कापड काचेला चिकटून असलं तर ते आणि काच यांच्यामधली हवा भट्टीसारखी तापते. काचेला बहुधा काही होत नाही, पण तिच्याभोवतीची प्लास्टिकची चौकट वेडीवाकडी होऊ शकते आणि वेल्क्रोचा गोंद पातळ होतो. पांढरा रंग बरंच ऊन परत फेकतो. बाहेरून दिसायलाही बरं दिसतं. चंदेरी कागद किंवा फॉईल खिडकीत दिसलेलं काही आरव्ही पार्कांना, म्हणजे अशी फिरती घरं भाड्याने उभी करायच्या जागांना, चालत नाही. महिन्याच्या भाड्याने राहणार असाल तर तिथले नियम आधी वाचा.

मापं काचेची घेऊ नका, तिच्याभोवतीच्या आतल्या चौकटीची घ्या. माझी काच १२ बाय २१ इंचांच्या आसपास आहे आणि चौकटीची बाहेरची कड १६ बाय २५. बाजारातली तयार आवरणंही साधारण याच मापाची असतात, पण दारं बनवणारे अनेक आहेत आणि अर्ध्या इंचाचा फरक सहज पडतो. वर्तमानपत्राचा मोठा कागद चौकटीवर चिकटवा, मुलांचा मेणखडू आडवा धरून कडेवरून घासा. कड आपोआप उमटते. कोपरे गोल असतात आणि तिथेच सगळे चुकतात. आईने स्वयंपाकघरातल्या वाट्या एकेक करून कोपऱ्याला लावून बघितल्या. आमटीची मधली वाटी बरोबर बसली आणि तीच आमचा साचा झाली.

कागदाचा साचा कापून परत दारावर लावून बघा आणि जाळीचं दार मिटून बघा. कागद कुठे अडकतो, झडपेची कड कुठे येते, तिथे पेन्सिलीने खूण करा. मग साचा कापडावर ठेवून भोवती अर्धा इंच दुमडीसाठी सोडून कापा.

सुती कापड असेल तर आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आवरण काचेपेक्षा लहान होईल. आतल्या बाजूसाठी बायकोने आईच्या बॅगेतून खणाचा ब्लाऊजपीस उचलला. डाळिंबी रंगाचा, पिवळ्या काठाचा. जाळीमागून तो इतका छान दिसतो की आता येणारा प्रत्येक मराठी पाहुणा "हे कुठे मिळालं?" विचारतो आणि मला सांगावं लागतं की दुकानात मिळत नाही.

शिवण

अस्तराच्या कापडाला रबरासारखा लेप असतो. त्याला टाचण्या टोचल्या की भोकं कायमची राहतात आणि रात्री बाहेरून चांदण्यांसारखी चमकतात. टाचण्यांऐवजी शिवणकामाचे चिमटे किंवा कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे वापरा. टाकाही मोठा ठेवा, तीन ते साडेतीन मिलिमीटरचा. बारीक टाक्याने लेपाला एकमेकांना लागून भोकं पडतात आणि कापड त्या रेषेवर तिकिटासारखं फाटतं. लेपाची बाजू मशीनच्या पायाखाली अडकत असेल तर वरून पातळ कागद ठेवून शिवा आणि मग कागद फाडून काढा. इस्त्री करायची तर कोमट, आणि लेपावर थेट नको.

तिन्ही थर एकमेकांवर ठेवताना आधी खण आणि पांढरं कापड चांगल्या बाजू समोरासमोर, वर अस्तर, असं लावा. खालच्या बाजूला पाच इंच मोकळं सोडून भोवती शिवा, गोल कोपऱ्यांवर शिवणीला न लागता छोट्या खाचा द्या, उलटवा आणि मोकळी जागा धावदोऱ्याने बंद करा. हातशिलाईवाल्यांनी हे करायचीही गरज नाही. तिन्ही थर सपाट ठेवून भोवती गोट लावला तरी चालतं, आणि आवरण जास्त पातळ होतं. फट पाच मिलिमीटरच्या आत असेल तर गोटच लावा.

वरच्या कुलपाकडच्या कोपऱ्यात कापडाचा एक कान शिवा, दीड इंचाचा. आवरण काढताना कडेला बोटांनी ओढलं की शिवण उसवते. कानाला धरून ओढलं की वेल्क्रो एका बाजूने सुटत येतो.

दारावर धरून ठेवायचं कशाने?

आईला टिचबटणं हवी होती. "चार टिचबटणं लाव की, आमच्या रिक्षाच्या पडद्याला असतात तशी." रिक्षाला ती लोखंडी सांगाड्यावर बसतात. इथे काचेची चौकट प्लास्टिकची, तिच्यात भोक पाडलं तर तडकते. चौकटीचे मूळ स्क्रू काढून त्याजागी बटणाचे स्क्रू घालायचे म्हटलं, तर तेच स्क्रू आतली आणि बाहेरची चौकट आवळून काच धरून ठेवत असतात. लांबी किंचित चुकली तर पाणी झिरपायला सुरुवात. मी तिकडे गेलो नाही.

चुंबक म्हणाल तर फ्रीजवरचा एक दाराला लावून बघा. तो खाली पडेल. दाराची चौकट ॲल्युमिनियमची आणि बाहेरचा पत्रा बहुधा फायबरग्लासचा असतो. मागे गोंद असलेली लोखंडी पट्टी चौकटीवर लावून आवरणात चपटे चुंबक शिवता येतात. पातळ काम होतं, पण पट्टी शेवटी गोंदावरच टिकते, मग थेट वेल्क्रो काय वाईट?

वेल्क्रोचे नियम थोडे आहेत, पण पाळायचे. मऊ, केसाळ बाजू काचेच्या चौकटीवर आणि काटेरी बाजू आवरणावर. उलटं केलंत तर दिवसा आवरण काढल्यावर जाता-येता स्वेटर आणि ओढण्या दाराला अडकतील. आवरणासाठी शिवायचा साधा वेल्क्रो घ्या. मागे गोंद असलेला शिवायला गेलात तर सुई चिकट होऊन टाके सुटतात. चौकटीसाठी मात्र गोंदवाला, आणि बाहेरच्या उन्हाला चालेल असं पाकिटावर लिहिलेला. जुळलेल्या वेल्क्रोची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास जाते, ती कणकेच्या हिशेबात धरा. माझ्या बिजागरीकडच्या सहा मिलिमीटरमध्ये वेल्क्रो आणि गोट मिळून कसेबसे बसले, म्हणून त्या बाजूला मी सलग पट्टी न लावता फक्त दोन तुकडे लावले.

चौकट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकवर हाताला न जाणवणारा तेलकटपणा असतो आणि स्वयंपाकाची वाफ त्यात भर घालते. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा आधी उचलला जातो. पट्टी लावून प्रत्येक इंचावर अंगठ्याने जोर देऊन दाबा आणि मग चोवीस तास तिला हात लावू नका. वेल्क्रोचा माझा पहिला प्रयत्न इथेच फसला होता. संध्याकाळी पट्टी लावली, रात्री आवरण चढवलं, सकाळी ओढलं तर वेल्क्रो आवरणाबरोबर निघून आला आणि चौकटीवर गोंदाचे राखाडी मिशीसारखे धागे राहिले. थंडीत करणार असाल तर आधी आत हीटर लावून चौकट कोमट होऊ द्या.

चारही बाजूंना वेल्क्रो लागतोच असं नाही. पण फक्त वर लावलात तर दार उघडताना आवरण वाऱ्याने फडफडतं आणि मिटताना खालची कड जाळीत अडकते. सळईवर पडदा घालणाऱ्यांचंही हेच होतं. नेफा वर आणि खाली दोन्हीकडे शिवून दोन सळया लावल्या तरच पडदा जागेवर राहतो.

फट अगदीच कमी असेल तर

मग आवरण मोठ्या दारावर न लावता जाळीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे जाडीचं बंधन नाही, रिफ्लेक्टिक्ससुद्धा चालेल. मोठा फायदा असा की दोन्ही दारं बंद असतानाही हात पोचतो. रात्री अकराला आठवण झाली म्हणून दार उघडून डासांना आमंत्रण द्यायला नको. आईवडील आलेले असताना मी हाच प्रकार वापरतो, कारण दोन दारं सोडवायची ती कसरत त्यांना जमत नाही.

तोटे दोन. काच आणि आवरण यांत अंतर पडल्यामुळे तिरका उजेड कडेने बाहेर जातो, तेव्हा आवरण काचेच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच मोठं करा. आणि जाळीच्या दाराच्या उभ्या पट्ट्या अरुंद असतात, त्यांवर अर्ध्या-पाऊण इंचाचाच वेल्क्रो बसतो. सरकती झडप आणि मुठीची जागा झाकली जाणार नाही याची खात्री करा. मुख्य दार हा बाहेर पडायचा पहिला रस्ता आहे. अंधारात, घाबरलेल्या माणसाला मूठ चाचपडत शोधावी लागेल असं काहीही तिथे नको.

तयार पडदा

शिवणकाम नकोच असेल तर आतली चौकट बदलून तिच्या जागी पातळ पडदा असलेली नवी चौकट बसवायचे संच मिळतात. दिसायला देखणं काम होतं आणि जाळीच्या फटीत बसेल इतकं ते सपाट असतं. पण पडदा वरखाली करायला जाळी सोडवावी लागतेच. बसवताना एकच ताकीद: आतले स्क्रू सगळे काढायच्या आधी बाहेर कोणालातरी काच आणि बाहेरची चौकट धरून उभं करा. दोन्ही चौकटी एकमेकींना आवळूनच काच धरतात, आतली सुटली की बाहेरची केव्हाही खाली येऊ शकते. परत बसवताना स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, एकच कोपरा करकचून नको. मग बागेच्या नळीने बाहेरून पाणी मारून आतून फडकं फिरवा. ओलं लागलं तर सील पुन्हा बसवा.

रात्रीची परीक्षा

आवरण झालं की आतले सगळे दिवे लावा, एकाला आत हातवारे करत फिरायला सांगा आणि स्वतः बाहेर जा. आधी काचेपासून हातभर अंतरावर, मग वीस फुटांवर, मग दोन्ही बाजूंनी तिरकं बघा. आमच्या पहिल्या आवरणात वरच्या एका कोपऱ्यातून उजेडाची चंद्रकोर दिसत होती. वाटी एक नंबर मोठी निघाली होती. तिथे खणाचा त्रिकोणी तुकडा लावून भागवलं. आई बाहेर येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आता पोळ्या लाटते."

वापरताना

हिवाळ्यात दाराची एकेरी काच गार पडते. आवरणामुळे खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोचत नाही आणि आतल्या दमट हवेचं पाणी काचेवर, आवरणाच्या मागे जमतं. प्रोपेनच्या शेगडीतून जळताना पाण्याची वाफ निघते, त्यात भात शिजवलात तर विचारूच नका. सकाळी उठल्या उठल्या आवरण काढा, काच पुसा, आवरण तासभर उलटं वाळत घाला. स्वयंपाक करताना छताचा झरोका थोडा उघडा ठेवा. हे केलं नाही तर दोन आठवड्यांत पांढऱ्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते धुऊनही जात नाहीत.

काही ट्रेलरमध्ये शेगडी दाराला लागूनच असते. तिथे जाळीच्या दारावरचा मोठा पडदा नको, काचेच्या चौकटीवरचं घट्ट आवरणच बरं.

ट्रेलर ओढताना आवरण काढून ठेवा. हादऱ्यांनी ते सुटून जाळीत अडकलं तर मुक्कामी पोचल्यावर दार उघडताना जाळी फाटते. मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनाने चालणारं फिरतं घर, असेल आणि दार चालकाच्या उजव्या हाताला पुढे असेल तर काढणं आणखी गरजेचं. वळताना आणि लेन बदलताना त्या काचेतून बाजूची गाडी दिसते. अशा दारावर फिल्म लावायच्या आधी आपल्या राज्याचे काचेचे नियमही बघा.

आणि आवरणाची घडी घालू नका. अस्तराच्या लेपाला घडीवर चिरा पडतात आणि पुढच्या वेळी त्या रेषेतून उजेड दिसतो. आमचं आवरण लाटण्याभोवती गुंडाळून, रबर लावून, ओट्याच्या खणात असतं. त्यामुळे एक झालंय, पोळ्या करायच्या म्हटलं की लाटणं घेण्यासाठी आवरण सोडवावंच लागतं, आणि ते हातात आलंच आहे तर दारावर लावलंही जातं.